टेबल सॉ, नऊ महिन्यांनंतर: भीती पात्याची होती, धोका लाकडात निघाला

गेल्या दिवाळीनंतर टेबल सॉ घेतला, म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेल्या गोल फिरत्या पात्याने लाकूड चिरायचं मशीन. आता गणपतीची चवथ तोंडावर आली आहे, म्हणजे नऊ महिने झाले. एवढ्यात त्यावर दोन देव्हारे, घरच्या कपाटांची दारं, शेजारपाजारचे पाट आणि एक चौरंग झाला. मी गोव्यात फोंड्याजवळ राहतो, नोकरी करून सुतारकाम करतो. मशीन दहा इंची ब्लेडचं, घरच्या सिंगल फेजवर पंधरा अँपिअरच्या प्लगला चालणारं. जादा ब्लेड, कानांचे मफ आणि मास्क धरून ३८,००० रुपयांच्या आसपास पडलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते या वर्गातल्या कुठल्याही मशीनला लागू आहे.

काम कसं होतं, हे आधी थोडक्यात सांगतो. सागवानाची दोन मीटरची फळी हातकरवतीने चिरायला मला अर्धा तास लागायचा आणि वर रंधा मारावा लागायचा. इथे दोन मिनिटांत सरळ कड मिळते. मोटर कमी पडली असं कधी झालं नाही. सोबत आलेला माइटर गेज, म्हणजे लाकूड ठरलेल्या कोनात धरून ब्लेडकडे सरकवायचं साधन, मात्र टेबलाच्या खोबणीत हलतो. त्याच्या पट्टीला ॲल्युमिनियमची टेप लावून तो घट्ट करावा लागला. फेन्सची, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरळ पुढे ढकलायचं त्या आडाची, तक्रार जरा गंभीर आहे. ती ब्लेडला समांतर नव्हती, मागच्या बाजूला जवळजवळ एक मिलिमीटर आत येत होती. ब्लेडच्या एकाच दात्यावर पेनने खूण करून, प्लग काढून, तो दाता आधी पुढे आणि मग मागे फिरवून दोन्हीकडे फेन्सपासूनचं अंतर मोजलं तेव्हा कळलं. फेन्स मागे आत येत असेल तर लाकूड ब्लेड आणि फेन्सच्या मध्ये आवळलं जातं. कड जळते ते वेगळंच, पुढचा प्रकार त्याहून वाईट. नवीन मशीन घरी आलं की पहिला काप घेण्याआधी ही मोजणी कराच.

आता भीतीबद्दल. दहा इंची ब्लेडचा परीघ सुमारे ८० सेंटिमीटर. मिनिटाला चार हजार फेऱ्या धरल्या तर दात्यांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या पुढे जातो. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पोटात गोळा आला होता. पहिला महिनाभर मी प्रत्येक काप श्वास रोखून घेतला, आणि ती चांगली गोष्ट नव्हती. घाबरलेला माणूस लाकूड अर्ध्यावर थांबवतो, मागे ओढायला बघतो. टेबल सॉवर नेमकं तेच करायचं नसतं.

आमच्या वाड्यावर एक म्हातारे मेस्त, म्हणजे सुतार, आहेत. लहानपणी दसऱ्याला त्यांच्याकडे मशिनांना झेंडूच्या माळा घातलेल्या बघितल्यात. त्या दिवशी एकही मशीन चालू करायचे नाहीत. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंतच आहे. बोट रंध्याच्या मशीनवर गेलं, आणि हातात मोजा होता म्हणून गेलं. फिरत्या पात्याने मोज्याचं टोक पकडलं आणि बोट त्याच्यासोबत आत ओढलं. नुसता हात असता तर कापलं असतं, पण झटक्याने मागे तरी घेता आला असता, असं ते सांगतात. मशीन दाखवायला त्यांना घरी आणलं तेव्हा त्यांनी ब्लेडकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यात रचलेल्या फळ्या एकेक उचलून डोळ्याच्या रेषेत धरून बघितल्या, आणि म्हणाले, "आदीं लाकूड पळय, मागीर बटण." म्हणजे आधी लाकूड बघ, मग बटण. दुसरं एक सांगितलं: ब्लेडच्या समोर उभं राहायचं नाही, डावीकडे एक पाऊल सरकून राहायचं. तेव्हा मला वाटलं, बोट गमावलेला माणूस ब्लेडबद्दल का बोलत नाही?

त्याचं उत्तर मला जुलैत मिळालं.

माटोळीची, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची, जुनी चौकट वाळवीने खाल्ली होती, म्हणून फणसाच्या फळीतून नव्या पट्ट्या काढत होतो. फळी माळ्यावरची, आठ-नऊ वर्षं जुनी, म्हणजे वाळलेलीच असणार असा माझा समज. सकाळी देव्हाऱ्याच्या फळीत खाच पाडायची होती. त्यासाठी ब्लेडवरचं गार्ड काढलं, आणि त्यासोबत ब्लेडच्या मागे उभी असणारी पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ, तीही काढून बाजूला ठेवली. खाच झाली. मग जेवण झालं. जेवून परत आलो आणि ती पट्टी तशीच बाकावर पडून राहिली.

चौकटीची तिसरी पट्टी चिरत होतो. अर्ध्याहून जास्त फळी पुढे गेली होती. आधी मोटरचा आवाज खाली आला, मग जळका वास आला. चिरलेली फट ब्लेडच्या मागे मिटत चालली होती, दोन्ही बाजू ब्लेडला चिमटा घेत होत्या. हे मला दिसत होतं आणि तरी हात ढकलतच राहिला. मग बंदुकीसारखा आवाज झाला. फळी माझ्या उजव्या बरगडीजवळून मागे गेली आणि चिऱ्याच्या भिंतीवर आपटली. गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा पडला. डावीकडे उभा होतो म्हणून वाचलो.

पण खरी धडकी भरली ती हाताकडे बघून. डावा हात फळीवर दाबून धरलेला होता. फळी एका क्षणात खालून निघून गेली, आणि ज्यावर हाताचा भार होता तेच नाहीसं झाल्यावर हात पुढे घसरला. थांबला तेव्हा ब्लेडपासून चार बोटांवर होता, आणि ब्लेड फिरतच होतं. मी गुडघ्याने लाल पट्टी दाबून मशीन बंद केलं आणि तिथेच जमिनीवर बसलो. घरी सांगायला मला चार दिवस लागले.

याला किकबॅक म्हणतात. ब्लेडचे पुढचे दाते लाकूड खाली टेबलावर दाबतात, तर मागचे दाते वर येत असतात. फट मिटली, किंवा लाकूड तिरकं होऊन मागच्या दात्यांवर गेलं, की ते दाते त्याला उचलून थेट आपल्याकडे फेकतात. रायव्हिंग नाइफ त्या फटीत उभी राहून तिला मिटू देत नाही. एवढंसं काम, पण माझ्यासाठी या मशीनचा सर्वांत मोलाचा भाग आता तोच आहे. ती पट्टी ब्लेडच्या कापाहून किंचित बारीक आणि ब्लेडच्या पत्र्याहून जाड असावी लागते, तेव्हा जादा ब्लेड घेताना हे माप जुळवून घ्या. पातळ कापाचं ब्लेड स्वस्तात मिळालं आणि पट्टी त्या फटीत शिरेना, म्हणून ती काढून टाकली, असं कृपा करून कुणी करू नका.

त्या फळीचं काय झालं होतं तेही बघितलं. नंतर ओलावा मोजायचं छोटं मीटर आणलं. जुलैत तीच फळी १९ ते २० टक्के दाखवत होती. जानेवारीत ती १२ च्या आसपास असणार, कारण शेजारीच ठेवलेल्या सागवानाने हिवाळ्यात काही त्रास दिला नव्हता. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते, माळ्यावरचं जुनं लाकूडसुद्धा ती पिऊन फुगतं. शिवाय फणसाची ही फळी गाठीजवळची, आतून ताणलेली. चिरलं की तो ताण सुटतो आणि दोन्ही बाजू कुठेतरी वळतात. फळी डोळ्याच्या रेषेत धरून मेस्त हेच बघत होते.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस यांनी १९९९ साली बोट लागताच ब्लेड थांबवणारी युक्ती शोधली, त्यातूनच सॉस्टॉप ही मशिनं आली. त्वचा लागली की विजेचा संकेत बदलतो आणि सुमारे पाच मिलिसेकंदांत ॲल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडमध्ये घुसून त्याला थांबवतो. परवडलं तर मी उद्या घेईन. पण फेकली गेलेली फळी ती यंत्रणा अडवत नाही, आणि फार ओलं लाकूडही तिला बोटासारखं वाटू शकतं. म्हणजे आमच्या पावसात लाकूड बघावं लागणारच.

पावसाळ्याची आणखी एक गोष्ट म्हणजे वीज. आमच्याकडे ती केव्हाही जाते. या सॉचा स्विच वीज गेली की आपोआप बंद पडतो आणि परत आली तरी पुन्हा दाबल्याशिवाय सुरू होत नाही. या एका सोयीसाठी मी कंपनीचे आभार मानतो. माझ्या हातात धरायच्या जुन्या ग्राइंडरचा स्विच चालू ठेवून अडकवता येतो. एकदा वीज गेल्यावर तो बाकावर ठेवून मेणबत्ती शोधायला गेलो, आणि वीज आली तेव्हा तो बाकावर नाचायला लागला. त्यावर लाकूड कापायची दातेरी चकती लावून काम करणारे बघतो, तेव्हा अंगावर काटा येतो. त्याला ना फेन्स, ना रायव्हिंग नाइफ, आणि कुठे उसळेल याचा नेम नाही.

देखभाल फारशी नाही. टेबलावर महिन्याला मेण घासतो, लाकूड सरकतं आणि डागही पडत नाहीत. उंची बदलायच्या स्क्रूवर जूनमध्येच गंज आला होता. फणसाच्या चिकाने ब्लेडवर पिवळट थर बसतो, तो खायच्या सोड्याच्या पाण्याने निघतो. थर बसलेलं ब्लेड जोर मागतं, आणि जोर लावला की हात घसरायची भीती.

माझी रीत आता अशी आहे. फळी उन्हाकडे धरून बघायची, मीटर लावायचं, रायव्हिंग नाइफला बोट लावून खात्री करायची, ब्लेड लाकडाच्या वर जेमतेम दात्याएवढंच ठेवायचं, लाकूड ढकलायची काठी, पुश स्टिक, उजव्या हाताशी. दुपारी एक ते चार मशीन बंद. शेजारी झोपलेले असतात हे खरं, पण जेवणानंतर माझेही डोळे जड असतात, आणि जुलैतली ती दुपारच होती.

माटोळीच्या दोन पट्ट्या अजून राहिल्या आहेत. आज सकाळी मीटर लावलं तर १८ टक्के आलं. त्या दोन पट्ट्या हातकरवतीने चिरायला घेतल्या आहेत. एक झाली, दुसरी उद्या.