स्पॅट्स पॅकेज: ट्रायलवाल्यांनी एकदा चालवून बघाच

आरबीडी (शेताचे ब्लॉक पाडून प्रत्येकात सगळे वाण चिठ्ठ्या टाकल्यासारखे लावायचे ते डिझाइन), तीन रिप्लिकेशन, सीव्ही (सरासरीच्या तुलनेत एरर किती टक्के) हाताबाहेर आणि सीडी (दोन वाण खरंच वेगळे म्हणायला लागणारा किमान फरक) एवढी मोठी की पहिला वाण आणि विसावा वाण कागदावर सारखेच. हरभऱ्याच्या ट्रायलवाल्यांना, म्हणजे वाणांची शेतात चाचणी घेणाऱ्यांना, हे दुखणं वेगळं सांगायला नको. आमचं रान भारी काळं, एका कोपऱ्यात चिबड, धुऱ्याला निंबाची सावली आणि ब्लॉक आखलेले असे की एकाच ब्लॉकात चांगली जमीन पण आणि चिबड पण, मग जमिनीचा सगळा फरक एररमध्येच, म्हणजे कारण न सापडलेल्या फरकात, जाऊन बसणार ना.

म्हणून आर या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमधलं स्पॅट्स वापरलं, ते शेतातल्या जागेचा फरक हिशोबात धरतं. फुकट आहे, क्रॅनवरून (आरच्या पॅकेजांचं ऑनलाइन भांडार) एका ओळीत इन्स्टॉल होतं (याच कामाच्या एएसरेमल या विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आमच्या बजेटात बसत नाही, विषय संपला). प्रत्येक प्लॉटचा रो आणि कॉलम नंबर द्यायचा, मग ते पी-स्प्लाइनने (गुळगुळीत वक्र बसवायची पद्धत) अख्ख्या शेतावर गुळगुळीत चादर अंथरल्यासारखं करतं, जमीन कुठे उत्पादन वर उचलते कुठे खाली ओढते ते वेगळं काढतं आणि उरलं ते वाणाचं. पद्धतीचा पेपर 2018 चा आहे. प्लॉट कमांड दिली की सहा चित्रं येतात, त्यात ट्रेंडचं चित्र बघून मला हसूच आलं, ज्याने आमचं शेत कधी पाहिलं नाही त्याने चिबडाचा कोपरा बरोब्बर दाखवला! तिथे अडकलेला एक बिचारा वाण यादीत चांगलाच वर सरकला.

सरावाला साउथ ऑस्ट्रेलियाचा गव्हाचा डेटा सोबतच येतो, 107 वाण, 22 रो, 15 कॉलम. आधी त्यावर हात बसवा.

आता कटकटी. चादरीसाठी रो-कॉलम आकडे म्हणून लागतात आणि मॉडेलच्या रँडम भागात टाकायचे तर फॅक्टर (आकडा नव्हे, गटाचं नाव) म्हणून, यात माझी अख्खी दुपार गेली. एका वेळी एकच ट्रायल, पाच ठिकाणांचं एकत्र करायचं तर दुसरं काहीतरी शोधा. आणि डिझाइनच फसलेलं असेल तर हे काही जादू करत नाही, अल्फा डिझाइन (रिप्लिकेशनच्या आत छोटे ब्लॉक पाडायचं) 1976 पासून आहे, ते आधी वापरा की.

सगळ्यात मोठा घोळ मात्र आमचाच. फील्ड बुकात फक्त प्लॉट नंबर, रो-कॉलम नाहीच, आणि ते नंबर सरळ टाकलेत की सापासारखे वळवत, यावर दोघांची दोन उत्तरं, खुंट्या तर कधीच उपटलेल्या. दोन्ही तऱ्हांनी चालवून बघितलं, एकात चादर सलग आली, दुसऱ्यात झेब्रा क्रॉसिंगसारखे पट्टेच पट्टे. शेवटी पेरणीच्या दिवशीचा मोबाइलमधला फोटो सापडला, तेव्हा कळलं सापासारखेच होते.

पाचपैकी चार स्टार.