इटलीत 10 दिवस ग्लूटेन फ्री: पिझ्झाला पाच स्टार, विमानाला दीड

सिलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतडं बिघडते तो आजार. नागपुरात सिलिॲकवाल्या माणसाला कोणी विचारत नाही की तू काय खाशील, विचारतात थोडंसं खाल्लं तर काय होते. 2019 पासून मी हेच ऐकून राहिली. पोळीचा एक तुकडा, प्रसादाचा शिरा, लग्नातली एक बालूशाही, "एवढ्याशाने काही नाही होत". होते ना बाप्पा. तीन दिवस पोट धरून बसते मी, आणि ज्यांना वरून काहीच त्रास होत नाही त्यांच्याही आतड्याची आत वाट लागतच असते. औषध नाही याला, गहू, जव आणि राय नावाचं गव्हासारखं धान्य जन्मभर बंद, एवढाच इलाज. म्हणून नवऱ्याने इटलीचं नाव काढलं तेव्हा मी आधी हसलीच, पास्ता-पिझ्झाच्या देशात मी काय हवा खाऊ?

तर हा रिव्ह्यू इटलीतल्या सिलिॲक असोसिएशनच्या ॲपचा आणि त्या ॲपच्या भरवशावर काढलेल्या दहा दिवसांचा. सोबत नवरा आणि सासूबाई.

आधी विमान, ते संपवून टाकते. तिकीट काढताना जीएफएमएल नावाचं स्पेशल मील, म्हणजे ग्लूटेन फ्री जेवण, मागायचं असते, शेवटच्या दिवशी नाही चालत, निदान 24 तास आधी सांगावं लागते, मी तर पंधरा दिवस आधी सांगून वरून फोनही केला होता. ट्रे आला, वर स्टिकर बरोबर, भात-भाजी बरोबर, आणि शेजारी कागदात गुंडाळलेला गरम पाव, साधा, मैद्याचा! त्या पोरीला दाखवलं तर ती म्हणे पाव बाजूला ठेवा मॅडम. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण पर्समध्ये राजगिऱ्याचे लाडू आणि ज्वारीच्या लाह्या होत्या म्हणून निभलं. तुम्ही जाल तर कोरडं सामान न्याच, फक्त दुधा-मांसाचं काही नेऊ नका, युरोपात सामानातून चालत नाही.

आता मुद्द्याचं. असोसिएशनला तिकडे सगळे एआयसी म्हणतात, 1979 पासून आहे. ते हॉटेलवाल्यांना ट्रेनिंग देतात, किचन तपासतात, मगच यादीत घेतात, आणि ॲपमध्ये नकाशावर जवळची जागा दिसते. परदेशी लोकांसाठी थोड्या दिवसांचं वेगळं ॲप आहे, त्याला पैसे पडतात, पण एका वेळच्या दुखण्याचा हिशोब लावला तर काहीच नाही.

रोमला त्रास्तेवेरे भागात पहिल्या रात्री एका पिझ्झेरियात गेलो. फोनमध्ये इटालियन कार्ड करून नेलं होतं, गहू-जव-राय चालत नाही, वेगळं भांडं, वेगळं तेल, पास्त्याचं पाणीही वेगळं असं सगळं लिहिलेलं. मी कार्ड काढेपर्यंत वेटरनेच विचारलं, "चेलियाका?" मी हो म्हटलं. बस्स. थोडं चालेल का, ॲलर्जी आहे की डाएट, काही नाही. माझा पिझ्झा वेगळ्या ओव्हनमधून आला, मधोमध एक छोटा झेंडा खोचलेला, प्लेटही वेगळ्या रंगाची. सासूबाईंनी सवयीने स्वतःच्या पिझ्झाच्या हाताने माझ्या प्लेटमधला तुकडा उचलायला हात पुढे केला तर तो वेटर लांबून "नो नो सिन्योरा" करत आला आणि त्यांच्यासाठी दुसरी प्लेट ठेवून गेला. सासूबाई म्हणाल्या, "अव, हा तर माझ्यापेक्षा कडक निघाला." पिझ्झाची कड कुरकुरीत, मधून मऊ, खरं सांगते, मला सहा वर्षांत पहिल्यांदा चावायला काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं. दोन युरो जास्त लागले, लागू द्या.

दुकानातही तेच. युरोपात ग्लूटेन फ्री लिहायचं तर एका किलोत 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन नको (आपल्याकडे खाण्याचे नियम ठरवणाऱ्या सरकारी एफएसएसएआयचाही आकडा तोच आहे), आणि साध्या पाकिटावर गहू-जव असेल तर ते घटकांच्या यादीत ठळक छापावंच लागते. शेर (Schär) नावाच्या ग्लूटेन फ्री कंपनीचा ब्रेड आणि बिस्किटं साध्या सुपरमार्केटमध्ये, आणि औषधाच्या दुकानातही! कारण तिथल्या पेशंटला सरकार दर महिन्याला अशा खाण्यासाठी पैसे देते, मोठ्या माणसाला 100 युरोच्या आसपास. हे ऐकून नवरा इकडच्या ग्लूटेन फ्री आट्याची बिलं आठवून बराच वेळ गप्प होता.

लेबल वाचताना दोनदा गोंधळली. 'ग्रानो सारासेनो' पाहून पाकीट परत ठेवलं, ग्रानो म्हणजे गहू ना, पण तो निघाला कुट्टू, म्हणजे बकव्हीट, त्यात गहू नसतो, चालतो. आणि एका ग्लूटेन फ्री ब्रेडवर चक्क गव्हाचा स्टार्च लिहिलेला, त्यातलं ग्लूटेन काढून टाकलेलं असते म्हणे आणि तो 20 च्या आत बसतो. नियमाने बरोबर आहे, पण माझा हात काही धजला नाही. उलटं म्हणजे 'ओर्झो' दिसलं की पळा, ते जव. तिथे जवाची कॉफीही मिळते, त्यामुळे बारमध्ये कॉफी सांगताना शब्द नीट ऐकायचा.

फारिनाता नावाचं एक बेसनाचं धिरडं मिळते, आपल्याच घरचं वाटते, पण बरेचदा पिझ्झाच्याच ओव्हनमध्ये भाजतात, म्हणून यादीतली जागा असेल तरच.

राहायच्या हॉटेलचा नाश्ता मात्र फसवा. ग्लूटेन फ्री ब्रेड बंद पाकिटात ठेवला होता, छान, पण टोस्टर एकच, आणि जॅमच्या वाटीत क्रोसाँचा चुरा. मी रोज फळं, दही आणि उकडलेली अंडी खाऊन उठायची.

आणि आजारी कुठे पडली माहिती आहे? देशी हॉटेलात. पाचव्या दिवशी सासूबाईंना वरण-भात आठवला, एक इंडियन रेस्टॉरंट सापडलं, वरण-भातात काय असणार म्हणून ना कार्ड दाखवलं ना ॲप उघडलं. फोडणीचं वरण, मस्त हिंगाचा वास, दोन वाट्या प्यायली. रात्री एकपासून बाथरूम. आपल्याकडच्या हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात बघा, मैदा किंवा गव्हाचं पीठ असते बहुतेकांत, शुद्ध हिंग थोडाच घालतात. हिंग होता की रोटीवाल्याचा पिठाचा हात, देव जाणे. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "घरी तुझ्यासाठी वेगळी डबी ठेवतो आपण, इथे कोणालाच सुचलं नाही." पुढचे दोन दिवस फ्लॉरेन्स मी खिडकीतूनच पाहिलं, आणि सफेद भात खाल्ला. त्या हॉटेलवाल्याचीच चूक असं म्हणत नाही, आपला पदार्थ म्हणून मीच ढिली पडली.

ॲपला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण गावाकडे यादी विरळ होते, आणि रविवारी दुपारी यादीतल्याही जागा बंद सापडल्या.

आता नवरा जपान म्हणून राहिला. सोया सॉसमध्ये गहू, सोबाच्या शेवयांत बहुतेक वेळा गहू मिसळलेला, आणि पाण्यासारखा देतात तो चहा जवाचा. मी अजून हो म्हटलं नाही.