जुन्या गाडीत पाणी येतंय: शोधायचं कसं, बुजवायचं कशानं?

जुनी पद्मिनी किंवा अँबेसिडर सांभाळणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला गळती कळते ती मृगाच्या पहिल्या दमदार सरीला. त्याआधी सात-आठ महिने गाडी कोरडी असते, म्हणून कुणी बघत नाही. पण बिघाड होतो तो त्या कोरड्या महिन्यांतच. परभणी-नांदेडकडे पारा ४२-४४ अंशांवर जातो, उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही आणि दारांचं रबर इतकं कडक होतं की बोटानं दाबलं तरी दबत नाही. जूनमध्ये पाणी आत आलं की दोष पावसाला.

मग रविवारी गाडीभोवती चार जण जमतात. एक म्हणतो सिलिकॉन मार, दुसरा म्हणतो रबर बदल, तिसरा काच काढायला सांगतो. तिघांचंही कुठे ना कुठे बरोबर असतं. कुठे काय, ते ठरवता यावं म्हणून हा आढावा. आधी शोधण्याच्या पद्धती, मग दुरुस्तीच्या.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी बघा. गाडी उभी असताना पाऊस पडला आणि आत ओल आली, तर वाट वरून आहे: काच, दार, डिकी, टप. उभी असताना कोरडी, पण साचलेल्या पाण्यातून नेली की पायाखाली ओल, तर वाट खालून आहे: तळपत्र्यातली निघून गेलेली रबरी बुचं, चाकावरच्या कमानीतला गंजलेला सांधा किंवा पुढच्या आडव्या पत्र्यातून वायर जाते तिथलं तडकलेलं ग्रोमेट, म्हणजे भोकात बसवलेली रबरी कडी. एवढ्या एका निरीक्षणानं अर्धी गाडी तपासायची राहत नाही. मागून कुणी हीटर बसवला असेल तर त्याचा पाइपही बघा. कूलंट घातलेलं असेल तर ते पाणी चिकट लागतं आणि रेडिएटरची पातळी उतरते.

शोधायचं कशानं

पाण्याचा पाइप लावून बघणं सगळ्यांना आधी सुचतं, आणि मी ते शेवटी करायला सांगतो. एक तर आपल्याकडे पाणी असं ओतायला नसतं. अर्धा इंची पाइपातून मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज जातं. तासभर गाडी भिजवली की सहा-नऊशे लिटर गेलं. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या आसपास राहून हे बरं दिसत नाही. दुसरं कारण तांत्रिक आहे. घाईनं सगळीकडे पाणी मारलं तर ते चार ठिकाणांहून आत येतं आणि कुठलं कुठून आलं हे कळायचा मार्ग उरत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप तर चालवूच नका. त्या दाबानं धडक्या रबरातूनही पाणी शिरतं आणि नसलेली गळती सापडते.

त्यापेक्षा आपल्याकडे फुकट मिळणारी वस्तू वापरा: धूळ. एप्रिल-मे महिन्यात सगळ्या काचा बंद करून गाडी शेतरस्त्यावर काही किलोमीटर चालवा. काळ्या मातीची धूळ पिठाहून बारीक असते. जिथे रबर टेकत नाही तिथून ती आत येते आणि दाराच्या चौकटीवर, डिकीच्या कडेवर आपली रेघ सोडून जाते. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होत असल्यानं डिकी धूळ सगळ्यात जास्त ओढते. त्यामुळे डिकीचं रबर आणि मागच्या दिव्यांखालचे गास्केट यांच्यासाठी धुळीइतकी चांगली परीक्षा नाही. काचेच्या रबराखालच्या केसाएवढ्या फटी मात्र तिला सापडत नाहीत. पाणी अशा फटीत ओढलं जातं, धूळ नाही.

दारांसाठी कागद. वहीचा कागद किंवा दहाची नोट चौकटीत धरा, दार लावा आणि ओढा. ओढताना जोर लागला पाहिजे. सुळ्ळकन निघाली तर तिथे रबर दबलेलं नाही. हे चौकटभर वीतभर अंतरानं करा, कारण खरी माहिती एका जागेत नसते, चौकटीच्या एकूण चित्रात असते. खाली घट्ट आणि वर मागच्या कोपऱ्यात सैल असेल तर रबराला दोष देऊ नका, दार लटकलेलं आहे. दार अर्धं उघडून त्याचं मोकळं टोक वर उचलून बघा. खटखट हललं तर बिजागरीची पिन झिजली आहे. अशा दाराला कितीही महागाचं रबर लावा, वरचा कोपरा उघडाच राहणार आणि खालचा भाग इतका आवळणार की दार आपटल्याशिवाय लागणार नाही. जुन्या गाड्यांची दारं आपटून लावायची असतात हा समज बहुतेक यातूनच आला असावा.

रबरावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर लावून दार मिटायचं आणि समोरच्या पत्र्यावर पांढरा ठसा कुठे तुटला ते बघायचं, हा याचाच दुसरा प्रकार. कागदापेक्षा वेळ कमी लागतो, पण दाब किती आहे ते कळत नाही. हलका स्पर्श झाला तरी ठसा उमटतो. दोन्हींतून एक निवडायचं तर कागद.

रात्री आत बॅटरी लावून बाहेरून उजेड शोधायचा, ही युक्ती ऐकायला छान आहे. तळपत्र्यातली गंजून पडलेली भोकं तिच्यात लगेच दिसतात. पण उजेड सरळ जातो आणि पाणी वळणं घेत येतं. उजेड दिसला नाही म्हणून गाडी धडधाकट ठरवू नका. ब्लोअरनं आत हवा भरून बाहेर साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे बघायचे, ही पद्धत याहून पुष्कळ खात्रीची आणि पाण्याची बचत करणारी. काचेच्या रबरासाठी मला तीच आवडते. फक्त खिडकीत ब्लोअरचं तोंड बसवून भोवतालची फट चिकटपट्टीनं नीट बंद करावी लागते, आणि दोन माणसं लागतात.

एवढं झाल्यावर पाणी. आणि पाण्यासाठी पाइप नको, शेतातला पाठीवरचा फवारणी पंप घ्या. सोळा लिटरची एक टाकी अख्ख्या गाडीला पुरते, दाब मंद राहतो आणि नेमक्या जागी धरता येतो. तणनाशकाचा पंप मात्र घेऊ नका. कितीही धुतला तरी वास जात नाही आणि आत बसलेल्या माणसाच्या तोंडावर ते तुषार नकोत. आतली मॅट, कार्पेट, दाराचं आतलं पॅनेल आधी काढून ठेवा. सुरुवात खालून करा: आधी दाराची खालची कड, मग वर, मग काचेची खालची पट्टी, मग बाजू, सगळ्यात शेवटी वरची कड. वरून सुरू केलं तर ओघळ सगळीकडे जातो. प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं थांबा. आत बॅटरी घेऊन बसलेल्यानं थेंब कुठे पडतो ते नव्हे, ओल पहिल्यांदा कुठे दिसते ते सांगायचं. पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून शिरलेलं पाणी रबराखालच्या पत्र्याच्या कडेनं फिरून डॅशबोर्डाखाली टपकतं, आणि लोक महिनोन् महिने वायपरच्या दांड्याजवळ सीलर भरत बसतात.

बुजवायचं कशानं

सिलिकॉनची ट्यूब दोन-तीनशे रुपयांत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, दहा मिनिटांत काम होतं आणि त्या पावसाळ्यात पाणी थांबतंही. म्हणूनच ती धोक्याची. जिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्या साध्या सिलिकॉनमधून सुकताना ॲसेटिक ॲसिड सुटतं. उघड्या पत्र्याशी ते आलं की गंज धरायला मदतच होते. वर बाहेरची वाट बंद झाल्यानं आधी शिरलेलं पाणी आतच कोंडतं. पुढे रंग काढायची वेळ आली की पेंटर हात जोडतो, कारण सिलिकॉनचा अंश राहिलेल्या पत्र्यावर रंग माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पाडून फाटतो. एम-सीलसारख्या कडक होणाऱ्या लांबीबद्दलही (पुट्टीबद्दलही) माझं मत हेच: घरातला पाइप जागेवर स्थिर असतो, गाडीचा पत्रा चालताना पिळवटतो, आणि कडक लांबी कडेनं सुटते.

त्या जागी न सुकणारं काळं सीलर किंवा ब्यूटाइल (मऊ, चिकट रबरी सीलर) वापरा. ते वर्षानुवर्षं मऊ राहतं, पत्र्याबरोबर हलतं आणि हवं तेव्हा खरवडून काढता येतं. काचेचं रबर अजून लवचीक असेल, नखानं ओठ (रबराची बाहेरची पातळ कड) उचलल्यावर तो न तडकता परत बसत असेल, तर हाच उपाय पुरे. बारीक नळीनं रबर आणि पत्र्याच्या मध्ये, आणि गरज असेल तरच रबर आणि काचेच्या मध्येही, ओठाखाली सीलर भरायचं. बाहेर आलेलं टर्पेंटाइनच्या बोळ्यानं लगेच पुसायचं. बोळा रबरावर रेंगाळू द्यायचा नाही. हे काम पूर्ण कोरड्या गाडीवर, म्हणजे मे महिन्यातच करावं. भर पावसाळ्यात भरलेलं सीलर ओल्या पत्र्याला धरत नाही.

रबरानं दगा दिला असेल, म्हणजे कोपऱ्यांत चिरा, आखडून सांध्याजवळ पडलेली फट, तर सीलरवर पैसे घालू नका. नवं रबर घ्या. इथे निवड दोन प्रकारांत असते: बाजारातलं स्वस्त रबर आणि ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं. ईपीडीएम ऊन आणि ओझोन दोन्ही सोसतं. आपल्याकडच्या उन्हात हा फरक फार मोठा ठरतो. घेताना रबर घट्ट दुमडून बघा, घडीवर बारीक चिरा दिसल्या तर परत द्या. आणि आकार जुन्या तुकड्याशी ताडून घ्या. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ म्हणून मिळणारं जाड रबर दाराला लावलं की दार लागत नाही.

काच बसवणाऱ्याची निवड मात्र जपून करा. अँबेसिडर १९५७ पासून २०१४ पर्यंत निघाली, पण तिचा सांगाडा मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेचा. पद्मिनी म्हणजे फियाट ११००. दोन्ही त्या काळातल्या, जेव्हा काच रबराच्या खाचेत बसवत, पत्र्याला चिकटवत नसत. आजच्या काचवाल्याचा हात पीयू (पॉलियुरेथेन) गोंदावर, काच पत्र्याला चिकटवण्यावर, बसलेला असतो. त्यानं सवयीनं रबराखाली पीयू भरला तर पुढच्या वेळी काच अखंड निघणं कठीण. ज्याला रबराच्या ओठात नायलॉनची दोरी घालून, साबणाचं पाणी लावून, आतून दोरी ओढत काच बसवता येते, असा जुना माणूस शोधा. सीट कव्हर आणि टपाचं कापड करणाऱ्या कुशनवाल्यांकडे अशांचा पत्ता बहुधा मिळतो. रबर आधी तासभर उन्हात ठेवलं की ते नरम पडून सहज वळतं. इथे तरी आपलं ऊन कामाला येतं.

काच निघालीच आहे तर खालचा पत्रा बघितल्याशिवाय ती परत बसवू देऊ नका. सगळ्यात महाग पण सगळ्यात टिकाऊ दुरुस्ती इथेच होते. कडेला नुसता तांबूस रंग असेल तर घासून, प्राइमर आणि रंग देऊन भागतं. पापुद्रे सुटत असतील, स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत जात असेल, तर डेंटरकडून तो तुकडा कापून नवा पत्रा जोडून घ्यावा लागतो. फायबरची पट्टी आणि लांबी मारून देणारे स्वस्तात करून देतात. पण रबराला टेकायला सरळ कड लागते, आणि लांबीची कड सरळ राहत नाही. गाडी विकायचीच असेल तर वेगळी गोष्ट. ठेवायची असेल तर या एका जागी खर्च करा आणि बाकीच्या रबरांना पुढचं वर्ष द्या.

दारांचा हिशोब वेगळा आहे. दाराच्या आत पाणी जाणं हा बिघाड नाही. काच वर-खाली होते त्या फटीतून थोडं पाणी आत जाणारच. ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना आहे. ती भोकं काळ्या चिखलानं बुजली की दारात पाणी साचतं, हलवलं तर डुचमळतं, आणि दाराची खालची कड आतून खाल्ली जाते. तारेनं भोकं मोकळी करायला काहीच खर्च नाही. दुसरी चूक कुशनवाल्यांकडे होते: नवं पॅनेल लावताना त्यामागचा प्लास्टिकचा पडदा फाडून फेकतात. मग दारातलं पाणी पॅनेल भिजवत गाडीत येतं आणि मालक रबर बदलत बसतो. पडदा घरी बसवता येतो. मल्चिंगचा २५-३० मायक्रॉनचा कागद फार पातळ, शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा फार ताठ. मधला, शंभर-दोनशे मायक्रॉनचा घ्या, ब्यूटाइल टेपनं चिकटवा, आणि त्याचं खालचं टोक दाराच्या आत सोडा, बाहेर नको.

तळाच्या भोकांसाठी रबरी बुचंच घ्या. वेल्डिंगनं कायमची बंद करू नका. कधी ना कधी आत पाणी येणारच, तेव्हा काढायला ती लागतात.

कापडी हुडाच्या जीपवाल्यांनी यातलं फारसं मनावर घेऊ नये. हुडातून पाणी येणारच; तळाची बुचं काढून ठेवावीत आणि सीटखाली काही ठेवू नये.

बाकीच्यांनी दुरुस्तीनंतर मॅट आणि कार्पेट लगेच घालू नये. आठवडाभर गाडी चालवा, मग त्याच क्रमानं पुन्हा एकदा फवारणी पंप मारा. आत कोरडं राहिलं तरच कार्पेट परत टाका. त्याखाली ज्यूट किंवा फोम असेल तर आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा. वरून कोरडं वाटलं तरी आत तो गेल्या पावसाळ्याचं पाणी धरून असतो.