ट्यूबचा हेडफोन अँप्लिफायर आणि त्यातील हमिंग : काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस घेतलेला ट्यूबचा, म्हणजे निर्वात नळ्यांवर चालणारा, हेडफोन अँप्लिफायर आता भर उन्हाळ्यातही रोज चालू असतो, तेव्हा त्याविषयी लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आला आहे. रचना ओटीएल प्रकारची, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेली आहे. पुढे ६एसएन७ आणि आउटपुटला ६०८० या क्रमांकांच्या दोन ट्यूब असून दोन्हींच्या एकेका अर्ध्या भागावर एकेक चॅनेल चालतो. ३०० ओहमच्या सेनहायझर एचडी ६५० वर ख्यालगायन इतके मोकळे आणि भरीव ऐकू येते की किमतीबद्दल माझी तक्रार नाही. हमिंगबद्दल, म्हणजे सततच्या गुणगुणीबद्दल, मात्र होती.

हेडफोनमध्ये येणारी गुणगुण एकच आहे असे वाटते; प्रत्यक्षात माझ्याकडे तिचे तीन उगम निघाले. ते वेगळे करण्यासाठी पहिली कसोटी व्हॉल्यूमच्या बटणाची. बटण फिरवल्यावर गुणगुण वाढत असेल, तर ती व्हॉल्यूमच्या आधीच्या भागातून, म्हणजे लॅपटॉप, डॅक (डिजिटल फाइलचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण) किंवा जोडकेबलमधून येत असते. बटण शून्यावर असतानाही ती तेवढीच राहत असेल, तर कारण अँप्लिफायरच्या पोटात शोधावे लागते. ही कसोटी फुकट आहे, आणि तिच्याआधी ट्यूब बदलण्यावर पैसे घालवण्यात काहीच अर्थ नाही.

त्यातील करकरीत गुणगुण लॅपटॉप बॅटरीवर घेताच नाहीशी झाली, म्हणजे तो अर्थलूप (दोन वेगळ्या अर्थ-जोडण्यांमधून तयार झालेला विजेचा फेरा) होता. लॅपटॉपचा थ्री-पिन अडॅप्टर एका बोर्डावर, अँप्लिफायर दुसऱ्या बोर्डावर, आणि यूएसबी व आरसीए (ध्वनिसंकेत नेणाऱ्या) केबलच्या शील्डमुळे, म्हणजे धातूच्या आवरणामुळे, मधला मार्ग पूर्ण झालेला. सांगलीच्या विश्रामबागेतील आमच्या घरात दुसरा बोर्ड मागाहून वाढवला, तेव्हा त्याच्या अर्थिंगची वायर अंगणातील वेगळ्या खड्ड्यात नेली होती. इथली काळी माती ओली असताना अर्थिंगला उत्तम, पण उन्हाळ्यात ती भेगाळते आणि तिचा रोध वाढतो. त्यामुळे हिवाळ्यात जेमतेम जाणवणारी करकर एप्रिलमध्ये चांगलीच वाढली. मल्टिमीटर एसीवर लावून पाहिले तेव्हा दोन बोर्डांच्या अर्थपिनांमध्ये दीड व्होल्टच्या आसपास फरक दिसला. वायरमनकडून दोन्ही अर्थ एकत्र जोडून घेतले, सर्व उपकरणे एकाच बोर्डावर आणली आणि लॅपटॉप व डॅक यांच्यामध्ये यूएसबी आयसोलेटर (दोन्हींमधली विजेची थेट जोडणी तोडणारे उपकरण) बसवला. असे स्वस्त आयसोलेटर बहुधा १२ मेगाबिटच्या वेगावर चालतात, म्हणजे २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंतची फाइल बिनदिक्कत वाजते; माझ्या संग्रहाला ते पुरेसे आहे.

येथे एक गोष्ट बजावून सांगणे आवश्यक वाटते. अर्थची पिन काढून टाकली की हमिंग जाते, असा सल्ला अनेक जण देतात आणि काही वेळा ते जातेही. परंतु ट्यूबच्या उपकरणात प्लेटचा, म्हणजे ट्यूबमधील उच्च दाबाच्या टोकाचा, पुरवठा दीडशे व्होल्टच्या वर असतो, आणि आत एखादी वायर सुटून चॅसिसला (धातूच्या पेटीला) लागली तर संरक्षण करणारी एकमेव गोष्ट तीच पिन असते. हेडफोन डोक्याला चिकटलेला असताना हा जुगार कोणीही खेळू नये.

उरलेली दोन हमिंग व्हॉल्यूम शून्यावरही येत होती. त्यांपैकी ५० हर्ट्झचे खोल हमिंग फक्त डाव्या कानात होते. डावी-उजवी आरसीए अदलाबदल करूनही ते डावीकडेच राहिले, आणि ६एसएन७ बदलताच संपले. हीटरला (ट्यूब तापवणाऱ्या तारेला) एसी दिलेला असताना हीटर आणि कॅथोड (तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) यांच्यातील इन्सुलेशन कमकुवत झाले की असे होते. ट्यूब काढलीच होती म्हणून सॉकेटच्या पिनाही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. पावसाळ्यानंतर हे करायलाच हवे.

तिसरे हमिंग सर्वांत क्षीण, दोन्ही कानांत सारखे, आणि म्हणूनच सर्वांत त्रासदायक होते. मिरजेत बनवलेला पुरुषी तानपुरा मी पांढरी एकमध्ये (हार्मोनियमच्या सी स्वराच्या पट्टीत) लावून त्याचे ध्वनिमुद्रण केले होते. त्या पट्टीत मंद्र पंचम साधारण ९८ हर्ट्झवर येतो, तर पूर्ण लहरीच्या रेक्टिफायरने एसीचे डीसी केल्यानंतर उरणारी रिपल (विजेतील चढउतार) आपल्याकडे १०० हर्ट्झची असते. या दोन हर्ट्झच्या फरकामुळे पंचमाची तार छेडली की तिच्या आसेत, म्हणजे रेंगाळणाऱ्या नादात, सेकंदाला दोनदा एक हेलकावा जाणवे. तार किंचित उतरली किंवा जवारी बिघडली असे वाटावे इतका तो स्पष्ट होता. स्पीकरवर तेच ध्वनिमुद्रण लावले की हेलकावा गायब. दोन्ही चॅनेलना समान पुरवठा असल्याने संशय ही रिपल गाळणाऱ्या फिल्टर कपॅसिटरवर गेला. जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या येथील एका अनुभवी कारागिराने उपकरण बंद करून, कपॅसिटरमधील भार रोधातून उतरवून, मगच आत हात घातला. पहिल्या कपॅसिटरचा एक पाय नीट सोल्डर झालेला नव्हता. नव्या उपकरणात हे आढळावे ही उत्पादकाची उणीवच होय. सोल्डर पक्के केल्यानंतर पंचम आता स्थिर ऐकू येतो.

३२ ओहमचे हेडफोन किंवा इअरफोन वापरणाऱ्यांनी मात्र हा अँप्लिफायर घेऊ नये. अशा रचनेचा आउटपुट रोध साधारण शंभर ओहमच्या घरात असतो, त्यामुळे बास सैल पडतो, आणि संवेदनशील इअरफोनमध्ये उरलीसुरली गुणगुणही ऐकू येते. शिवाय ६०८० चा हीटर एकटाच सुमारे १६ वॉट घेतो. मे महिन्याच्या दुपारी पंख्याखाली बसूनही टेबलाचा तो कोपरा तापतो, म्हणून हल्ली मी ऐकायला रात्री जेवणानंतरच बसतो.