डाळिंब बागायतदारांसाठी डिस्कोर्सवर चर्चामंच: तीन बहारांनंतरचा अनुभव

मागच्या मृग बहारात (बहार म्हणजे झाडावर फळं धरायचा हंगाम) आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंबवाल्यांसाठी डिस्कोर्स या सॉफ्टवेअरवर चर्चामंच सुरू केला. मधला हस्त बहार गेला, आता आंबे बहारही धरून झालाय, तेव्हा नीट लिहितो. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर पट्ट्यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ढिगानं आहेत. पण तिथं तेल्यावर, म्हणजे डाळिंबाच्या तेलकट डाग रोगावर, सकाळी मिळालेलं चांगलं उत्तर रात्रीपर्यंत फॉरवर्डखाली गाडलं जातं, आणि पुढच्या पावसात तोच प्रश्न पुन्हा. आम्हाला ते उत्तर टिकवायचं होतं.

डिस्कोर्स हे चर्चामंच चालवायचं २०१३ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर. १ जीबी रॅमच्या भाड्याच्या सर्व्हरवरही चालतं, फक्त स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) द्यावा लागतो. डॉकरमुळे, म्हणजे सगळं एका तयार पेटीत मिळत असल्यानं, बसवणं सोपं. खरी मेहनत मेलची, कारण नव्या सदस्याचं खातं मेलवरून पक्कं होतं. बरेच सर्व्हरवाले पोर्ट २५ (मेल बाहेर जायची वाट) बंद ठेवतात, म्हणून मेल पाठवायची सेवा वेगळी घ्यावी लागते. त्यात आपला शेतकरी मेल उघडतो कुठं? गूगल लॉगिन पहिल्याच दिवशी चालू करा.

काही सेटिंग आपल्या लोकांना बघून बदला. पोस्टला मुळात किमान २० अक्षरं लागतात. ‘तेल्याच आहे’ हे नेमकं उत्तर त्यात बसत नाही. ती अट खाली आणली आणि जुनी जाणती माणसं लिहायला लागली. नव्या सदस्याला एका पोस्टमध्ये एकच फोटो आणि दोन लिंका टाकता येतात. ५ विषय उघडून, ३० पोस्ट आणि १० मिनिटं वाचन झालं की तो वरच्या पातळीवर जातो आणि ही बंधनं सुटतात. जाहिरातबाजीला यानं चांगला चाप बसतो, म्हणून लिंकांची मर्यादा तशीच ठेवली, फोटोंची वाढवली. रोग ओळखायला पान उजेडासमोर धरलेलं दिसावं लागतं, फळावरचा डाग कुठं तडकलाय तेही.

वाढवताना सगळ्यात कामाला आली ती एक सवय: ग्रुपवर प्रश्न आला की उत्तर मंचावर लिहायचं आणि ग्रुपवर लिंक टाकायची. विभाग चारच ठेवले: तेल्या, मर (झाड वाळून जायचा रोग), बहार-छाटणी, बाजार. रिकामे विभाग बघून माणूस परत फिरतो. शीर्षकात ‘तेल्या’ आणि ‘तेलकट डाग’ दोन्ही लिहितो, म्हणजे कसंही शोधलं तरी सापडतं. छाटणीची कात्री निर्जंतुक करायला हायपोक्लोराइटमध्ये बुडवण्यावर रंगलेली एक चर्चा आम्ही विकी पोस्ट (इतरांनाही बदलता येणारी पोस्ट) केली. अनुभवी सदस्य तिच्यात स्वतः भर घालतात. फवारणीचा वाद झाला तर केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला जोडतो.

बॅकअप आपोआप होतो, पण मुळात त्याच सर्व्हरवर राहतो, तो बाहेर उतरवून ठेवा. आणि संध्याकाळी बागेतून परतल्यावर उत्तर द्यायला दोन-तीन माणसं पक्की हवीत. ज्याचा पहिला प्रश्न तसाच पडून राहिला, तो सहसा परत येत नाही. द्राक्षवाले विचारतायत, त्यांनाही मी डिस्कोर्सच सांगतोय, पण आधी ही माणसं ठरवा म्हणून.