फुकटचा क्लीनर मला १०,४९८ रुपयांना पडला

लिहायला लाज वाटतेय पण लिहितो. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, घरूनच लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देतो. ऐन जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लॅपटॉप असा काही रडायला लागला की एक्सेल उघडायला टाकून चहा करून आलं तरी ते गोल आपलं फिरतंय.

मग काय, गूगलवर फुकट क्लीनर (लॅपटॉपमधला कचरा साफ करणारं सॉफ्टवेअर) शोधला आणि सगळ्यात वर आला तोच घेतला. बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं ते वाचतो कोण. इन्स्टॉल करताना नेक्स्ट नेक्स्ट दाबत गेलो, टिक आधीच मारलेल्या होत्या, त्यातून अजून एक ब्राउजर आणि कसलासा ड्रायव्हर अपडेटर पण घरात घुसला.

स्कॅन केलं तर लालभडक १,३८६ एरर! स्कॅन फुकट, पण फिक्स दाबलं की १,४९९ मागतो. भरले. (क्लायंटला दोनशेच्या पावतीवरून पिडणारा माणूस मी.) एरर शून्य झाले, दुसऱ्या दिवशी परत सातशेच्या वर, आणि खाली हेल्पलाईन नंबर. लावला. गोड हिंदीत बोलणाऱ्या एकाने रिमोटचं अ‍ॅप टाकायला लावलं, माउस आपोआप हलायला लागला, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची स्वतःची नोंदवही) उघडून लाल-पिवळ्या खुणांची ही लांब यादी दाखवली, 'सर, ये सब हॅकर का काम है'. बायको मागून ओरडतेय अहो ठेवा तो फोन, पण माझ्या डोळ्यासमोर नुसते रिटर्न. अजून ८,९९९ गेले.

संध्याकाळी बी विंगमधल्या काकूंचा मुलगा आला. त्याने स्वतःच्या ठणठणीत लॅपटॉपवर इव्हेंट व्ह्यूअर उघडला, तिथेही तीच जत्रा! एखादी सर्व्हिस उशिरा सुरू झाली तरी विंडोज तिथे नोंद टाकतं म्हणे. माझे एरर म्हणजे टेम्प फायली, कुकीज आणि कधीच काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरच्या रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) नोंदी, त्यातला एक 'क्रिटिकल' तर रेल्वे तिकिटाच्या साइटची कुकी निघाली. डिस्क क्लीनअप आणि स्टोरेज सेन्स ही साफसफाईची साधनं विंडोजमध्येच असतात, फुकट, आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे पण त्यानेच सांगितलं. खरा आजार टास्क मॅनेजरमध्ये दिसत होता, डिस्क सतत १०० टक्के कामात. जुनी हार्डडिस्क आणि ४ जीबी रॅम, दुसरं काही नाही.

लगेच नेट बंद केलं, कार्ड ब्लॉक केलं, बायकोच्या मोबाईलवरून सगळे पासवर्ड बदलले आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. पण खरी झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीने, त्या लॅपटॉपवर लोकांचे पॅन, आधार, फॉर्म १६ सगळं होतं आणि तो माणूस चाळीस मिनिटं आत होता. सव्वीस जणांना एकेक फोन करून इन्कम टॅक्सच्या पोर्टलचा पासवर्ड बदला म्हणून सांगितलं. कोपरीच्या एका आजोबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण ३१ तारखेच्या आत माझा भरताय ना?"