हस्ताक्षर ओळखीला कोणतं भाषा-मॉडेल जोडावं: शब्दकोश, अक्षर एन-ग्रॅम की न्यूरल?

स्क्रीनवर बोटाने लिहिताना बरेच जण शिरोरेषा देत नाहीत. मग ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक उरतो तो डावीकडच्या छोट्या गाठीचा, आणि घाईत तीही निसटते. रेकग्नायझर, म्हणजे रेघांवरून अक्षर ओळखणारा भाग, दोघांना जवळपास सारखेच गुण देतो. निवाडा भाषा-मॉडेललाच, म्हणजे भाषेत काय संभवतं ते सांगणाऱ्या भागालाच, करावा लागतो.

शब्दकोश सर्वांत हलका आणि वेगवान. ठरावीक यादीतलं एक नाव लिहून घ्यायचं असेल तर तोच पुरे. मोकळ्या लिखाणात मात्र घराच्या, घरातून, घरासमोरच्यांनाही अशी रूपं तो कुठवर साठवणार? शिवाय यादीत नसलेलं आडनाव तो जवळच्या शब्दात बदलून टाकतो.

अक्षर एन-ग्रॅम मागची ठरावीक चिन्हं बघून पुढचं कोणतं संभवतं ते सांगतो. तो अनोळखी शब्द अडवत नाही आणि त्याचं काम नुसतं तक्ता बघण्याचं. देवनागरीत मात्रा आणि हलन्त वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात, म्हणून पाचऐवजी सात चिन्हांचं (सहा मागची, सातवं पुढचं) मॉडेल घ्या. तरी ‘हात जरा धर’ इथे तो अडतो: ‘धर’ आणि ‘घर’ दोन्ही खरे शब्द, आणि ‘ध’पाशी पोचेपर्यंत ‘हात’मधला फक्त ‘त’ नजरेत उरतो.

न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या न्यूरल मॉडेलला अख्खं वाक्य दिसतं. ५० लाख पॅरामीटर (मॉडेलने शिकलेले आकडे) ३२ बिटांत २० एमबी, ८ बिटांत ५ एमबी. म्हणजे आकार ही खरी अडचण नाही, वेग आहे. बीम सर्चमध्ये, म्हणजे सर्वांत चांगले काही पर्याय सोबत घेत पुढे जाणाऱ्या शोधात, १० पर्याय जिवंत ठेवले, तर प्रत्येक अक्षराला दहांची गणितं करावी लागतात. सूचना हाताच्या मागे पडतात, बॅटरीही उतरते.

म्हणून आमची शिफारस: लिहिताना अक्षर एन-ग्रॅम, आणि हात थांबला की वरच्या ५ ते १० पर्यायांवरच न्यूरल. मेमरी तोकडी असेल तर न्यूरल सोडा, एन-ग्रॅम सोडू नका.

गुणांची बेरीज अशी: रेकग्नायझरचा लॉग-गुण + α × मॉडेलचा लॉग-गुण + β × लांबी. लॉग-गुण म्हणजे संभाव्यतेचा लॉगरिदम; α आणि β ही आपण ठरवायची वजनं. β विसरलात तर आखूड शब्द जिंकत राहतात, कारण प्रत्येक वाढीव अक्षर गुण कमीच करतं. α शून्यापासून ०.१ने वाढवत न्या. तपासणीला प्रशिक्षणात नसलेल्या लोकांचं अक्षर घ्या. नावांच्या चुका वेगळ्या मोजा. α चढला की एका मर्यादेपर्यंत एकूण चुका घटतात, पण नावं बिघडू लागतात. फोन नंबरच्या रकान्यात α शून्यच हवा.

प्रशिक्षणाआधी मजकूर एकसारखा करून घ्या. ‘ॲ’ एका कोडपॉइंटने (युनिकोडमधल्या एका चिन्ह-क्रमांकाने) लिहिला जातो आणि ‘अ’ला चंद्र जोडूनही, एनएफसी (युनिकोडची मजकूर एकसारखा करण्याची पद्धत) केल्यावरही हे दोन एक होत नाहीत. तसंच सोडलं तर संभाव्यता दोघांत वाटली जाते आणि ‘ॲप’ मागे पडतं.